साय धरायची तर दूध ढवळू नये

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, सगळी महिनाभर राहायला येणार गं, माझ्या पोटात गोळाच आलाय." मला हसू आलं. पहिल्या वेळी माझ्याही पोटात आला होता. म्हणून लिहायला बसले. फोनवर निम्मं सांगायचं राहतं आणि उरलेल्या वेळात आपण दोघी एकमेकींच्या गुडघ्यांवर येतो.

आई नातवंडांना दुधावरची साय म्हणायची. सगळ्याच म्हणतात. पण साय धरते कशी, ते कोणी सांगत नाही. दूध मंद आचेवर तापवायचं, जाळीचं झाकण घालायचं आणि मग हात लावायचा नाही. ढवळलंस की साय मोडली. इथे दूध म्हणजे तुझी सून. तिला ढवळू नकोस. एवढं जमलं तर बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

मी ढवळलं होतं, म्हणून सांगते. थोरला नातू दोन महिन्यांचा असताना मी त्याला मधाचं बोट चाटवायला गेले आणि चार माणसांत सुनेने माझा हात धरला. "आई, नको." तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. पुढे लशीच्या दिवशी मुद्दाम तिच्यासमोर डॉक्टरांना विचारलं. म्हटलं, आता कळेल हिला. कळलं मलाच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधात कधी कधी अशा जंतूंचं बीज असतं की मोठ्यांना ते काही करत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतं आणि मूल लुळं पडतं. पहिले सहा महिने नुसतं आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही. घुटी, कानात तेल, डोळ्यांत काजळ, सगळं बंद. आपण त्यावरच वाढलो हे खरं. आणि आपल्या मागची दोन भावंडं पाळण्यातच गेली, ती कशाने, हे कोणी विचारलं नाही, हेही खरं.

तुझी मंडळी आता मोठी, नात नऊची नि नातू चारचा. तरी नियम तोच. काय खायचं, कधी झोपायचं, मोबाइल किती वेळ, हे त्यांच्या आईला विचार. तिने नाही म्हटलं की तिच्या पाठीमागे हळूच हो म्हणायचं नाही. पोरांना ती फट बरोब्बर दिसते. माझी एकच सूट: सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट. तो मी कोणाला न विचारता वाढते.

तिकिटांचं आधी बघ. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर भरतात. जायचंही, त्याचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढायला सांग, नाहीतर जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी रडारड.

मग घर. जमिनीवर बसून, चार वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघ. तुझ्या साखरेच्या आणि भावजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारी उघड्या असतात, त्या आधी कपाटात वर ठेव. पोराला त्या गोळ्या चॉकलेटासारख्या दिसतात. फिनेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतेस ते बंद कर. विहिरीला जाळी बसव. शेंगदाणे, फुटाणे, उकडलेल्या आठळ्या त्याच्या हातात अख्ख्या देऊ नकोस, घशात अडकतात.

आणि विंचू. याला मी भिते, तूही भी. उन्हाळ्यात आपल्याकडे लाल विंचू निघतो. लाकडांची रास, चिऱ्यांतल्या फटी, पेंढा, ही त्याची घरं. पोरं तर आंब्यांच्या आढीभोवतीच असणार. पेंढ्यात हात घालायच्या आधी काठीने हलवायचा. चपला झटकून घालायच्या. रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाऊल नाही. आपल्या लहानपणी विंचू चावून पोरं हाती लागत नसत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली, तेव्हापासून ती वाचू लागली. पण गोळी वेळेत पडायला हवी. चावला की घाम फुटायची, हातपाय गार पडायची वाट बघायची नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही, सरळ आरोग्य केंद्र गाठायचं. रात्री ज्याची गाडी मिळेल त्याचा नंबर भिंतीवर खडूने मोठा लिहून ठेव.

झालं, आता मजेचं. त्यांना फिरवायला न्यायचा घाट घालू नकोस, काम दे. ती येण्याच्या आठवडाभर आधी आढी घाल, म्हणजे रोज सकाळी आंबे उलटेपालटे करून हुंगायचं काम त्यांना मिळेल. देठाशी चीक असतो, तो ओठाला लागला तर भाजतं. म्हणून आंबे आधी पाण्यात टाकायचे. आंबापोळीची ताटं उन्हात ठेवून नातवाला काठी दे, कावळे राखू दे. तो दुपारपर्यंत निम्मी बोटाने चाटून संपवील. संपवू दे. पोह्यांच्या पापडांचं पीठ नेहमीच्या दुप्पट भिजव, कारण पापड होणारच नाहीत. लाट्या तेलात बुडवून तशाच खाण्यात जातील. गेल्या वर्षी माझे चार किलोंचे अकरा पापड झाले, आणि तसा उन्हाळा पुन्हा यावा असं मला वाटतं.

दुपारी पत्ते. झब्बू आणि बदाम सात शिकव. मुद्दाम हरू नकोस, नातीला लगेच कळतं आणि तिचा अपमान होतो.

मराठीचं एक सांगायचं राहिलं. आमची परदेशातली नात एकदा म्हणाली, "आजी, ताक संपली." घरभर हशा. पुढचे चार दिवस ती इंग्रजीतच बोलली. हसायचं नाही. दुरुस्तही करायचं नाही. "ताक संपलं? थांब हं, वाढते," एवढंच म्हणायचं. परतायच्या दिवशी ती म्हणाली, "ताक संपलं, पण मला अजून हवंय." माझं वर्ष निघालं त्यावर.

रात्री अंथरुणं माजघरात एका ओळीत घाल. भोपळ्यातली म्हातारी सांग. पण तुझा नातू विचारील की भोपळ्यात बसून श्वास कसा घेते, तेव्हा भोक आधीच पाडून ठेव.

लेकीच्या मुलांना आणि लेकाच्या मुलांना खाऊचे पैसे सारखेच दे, एकमेकांसमोर दे. हे माझ्याकडून चुकलं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि हो, जायची गाडी पहाटेची आहे ना? शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आदल्या रात्रीच सुनेच्या पिशवीत घाल. सकाळी कोणाचं लक्ष ठिकाणावर नसतं. आमचा गेल्या वर्षीचा फडताळातच राहिला, आणि मग आम्ही दोघं म्हातारे रोज एक एक करत पंधरा दिवस तो खात होतो.