माणूस टिकतो कशाने?

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत माझी भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कोबी आणि थोडा झेंडू. कायमची माणसे चौदा, त्यांत नऊ बायका. मार्च ते मे आमची खरी धावपळ, कारण उन्हाळी टोमॅटोच्या लागवडी तेव्हाच सुरू होतात. आणि नेमकी तेव्हाच माणसे सोडून जायची. पोरे चाकणच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे, बायका पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून पलीकडच्या मळ्यात. आमच्या ट्रेला शंभराच्या आसपास कप्पे असतात, प्रत्येकात एकच बी, तेही ठरावीक खोलीवर. नवख्या हाताने किती कप्पे चुकले ते उगवण झाल्यावरच कळते, आणि तोवर शेतकऱ्याला दिलेली तारीख येऊन ठेपलेली असते. पंधरा वर्षांत ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगतो.

१. पन्नास रुपयांची चढाओढ जिंकता येत नाही.

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले. तोड्याला माणूस मिळेना. मी हजेरी वाढवली की शेजारचा त्यावर वाढवायचा. तरी आमच्या मुकादम मावशी गेल्या नाहीत. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "दादा, तोडा संपला की त्यो आपल्याला वळखत बी नाय. मला बारा महिने चूल पेटवायची हाय." त्या एका वाक्याने माझा हिशोब बदलला. यावरून मजुरी कमी द्या आणि सोयी वाढवा, असा अर्थ कुणी काढू नये. गावात चालू असलेला दर द्यायलाच हवा. मी बोलतोय ते त्यापुढचे.

२. द्यायचे ठरवण्याआधी विचारा.

दिवाळीला मी साड्या वाटायचो, एका वर्षी सगळ्यांना कुकर दिले. कौतुक व्हायचे आणि मार्चला माणसे जायची. शेवटी बायकांना बसवून विचारले, पण माझ्यासमोर कुणी बोलेना. मग माझ्या पत्नीने विचारले. पहिली मागणी निघाली संडासाची. शेडनेटच्या उकाड्यात या बायका सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत जवळजवळ पाणीच पीत नव्हत्या, कारण जायला आडोसा नव्हता. मी रोज त्यांच्यातच वावरत होतो आणि हे मला दिसले नव्हते. याची लाज आजही वाटते. आतून कडी लागणारा, पाण्याची टाकी असलेला संडास बांधला. त्यानंतर पहिल्याच आठवड्यात शेडमधला माठ दुपारीच रिकामा व्हायला लागला आणि दुसरा माठ आणावा लागला. हा काही लाभ नव्हे, साधा हक्क आहे. पण तो नसेल तर बाकीचे लाभ कुणाला गोड लागणार?

३. अंधार पडायच्या आत, दारापर्यंत.

जुन्नर तालुक्यात ऊस वाढला तसा उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळे निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजावे. आमच्याकडे रोपांच्या गाड्या संध्याकाळी भरायच्या, कारण रोप रात्रीच्या गारव्यात प्रवास करते. गाडी भरून बायका साडेसातला सुटायच्या आणि दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेने, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून घरी जायच्या. हिवाळ्यात तर घरचेच त्यांना पाठवायचे बंद करायचे.

आता साडेपाचला बायकांचे काम थांबते आणि पिकअप त्यांना सोडायला निघते. गाडी भरण्याचे काम पुरुषांकडे दिले. सुरुवातीला ड्रायव्हर फाट्यावर उतरवून परत यायचा. पण खरी भीती असते ती फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरची. म्हणून मी नियम केला, दारात सोडायचे आणि आतला दिवा लागलेला बघूनच गाडी वळवायची. डिझेलचा खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण मी दिलेल्या सगळ्या गोष्टींत माणूस टिकवायला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती ही गाडी. दोन जणी तर केवळ तेवढ्यासाठी दुसरीकडचे काम सोडून आमच्याकडे आल्या.

४. सुट्टी त्यांच्या पंचांगाने.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. आमच्या माणसांना रविवारपेक्षा सोमवार सोयीचा, कारण बेल्ह्याचा बाजार सोमवारी. म्हणून आमची भरपगारी सुट्टी सोमवारी असते. शिवाय ज्याच्या त्याच्या गावच्या यात्रेला दोन दिवस, तेही पगारासकट. यात्रा चैत्र-वैशाखात, म्हणजे ऐन गर्दीत येतात, हे खरे. पण गावे वेगळी असल्यामुळे तारखाही वेगळ्या. पाडव्यालाच भिंतीवर यादी लावतो. पूर्वी माणूस यात्रेला न सांगता जायचा आणि आठ दिवसांनी उगवायचा. आता सांगून जातो आणि तिसऱ्या दिवशी कामावर असतो.

५. उचल देऊन माणूस बांधू नका.

आपल्या भागाला उचल नवी नाही. तमाशाच्या फडात कलावंत उचलीवर ठरतो, ऊसतोडीचा कोयता उचलीवर निघतो. मीही एका पोराला त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी मोठी रक्कम दिली आणि मनात धरून चाललो, की आता हा तीन वर्षे कुठे जात नाही. तो राहिला, पण त्याचे कामातले लक्ष उडाले. मान वर करून बोलेना. एके दिवशी रात्रीतूनच निघून गेला. पैसे गेले त्यापेक्षा चांगला हात गेला याचे वाईट वाटले. कर्जापायी माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंतर समजले. आता उचल देतो ती दोन महिन्यांच्या पगारापर्यंत, बिनव्याजी, आणि महिन्याला पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त कापत नाही. काम सोडायचे असेल तर खुशाल सोडावे, पैसे जमेल तसे द्यावेत, हे देतानाच सांगतो. त्यानंतर कुणी बुडवले नाही.

६. जे द्याल ते त्यांच्या नावावर आणि त्यांना दिसेल असे.

वीसपेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर प्रॉव्हिडंट फंड लागू करून घेता येतो. आम्ही घेतला तेव्हा पोरांनी कुरकुर केली, "हातात कमी येतात." पगारातून जेवढे कापले जातात तेवढेच मालकाला घालावे लागतात, त्यातला एक भाग पेन्शनला जातो, हे दहादा सांगून पटले नाही. मोबाइलवर पासबुक उघडून आकडा दाखवला तेव्हा पटले. ग्रॅच्युइटीचेही तसेच. कायद्याचे गणित सोपे आहे. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. तेरा हजार पगार आणि दहा वर्षे झाली तर पंच्याहत्तर हजार. कायदा आपल्याला लागू होतो का याचा कीस न पाडता मी हा हिशोब प्रत्येकाच्या नावाने वहीत लिहून ठेवला आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ज्याचा त्याला वाचून दाखवतो.

७. विमा काढला म्हणजे संपले नाही.

हे सांगणे जड जाते. आमचा एक गाडी भरणारा गडी, वय चाळीसच्या आत, झोपेतच गेला. मी सगळ्यांना प्रधानमंत्री जीवनज्योती विमा काढायला लावला होता, त्यामुळे घरच्यांना दोन लाख मिळतील असे त्याच्या आईला मीच सांगितले. बँकेत गेलो तेव्हा कळले की मेअखेरीस हप्ता वळता झालाच नाही. खात्यात दोनशे बारा रुपये होते. त्या माउलीला काय सांगायचे ते सुचेना. पुढे आम्ही जमेल तेवढे दिले, पण ते दोन लाख तिचे होते आणि केवळ थोडक्या रुपयांसाठी गेले.

जीवनज्योतीचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आणि अपघात विम्याचा म्हणजे सुरक्षा योजनेचा २० रुपये. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेअखेरीस आपोआप वळता होतो, खात्यात पैसे असतील तर. आता मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाच्या खात्यात हे ४५६ रुपये भरतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे पासबुक मागवून हप्ता गेल्याची नोंद डोळ्यांनी बघतो. चौदा माणसांचे होतात सहा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. तुमच्याकडे दोन माणसे असोत की वीस, येत्या मेमध्ये त्यांची पासबुके एकदा मागवून बघा.