इंजिन खोलण्याआधी तपासणीचे पैसे द्या

येवल्यात गाडी बिघडली की दोन वाटा असतात. विंचूर चौफुलीच्या आसपास किंवा नगर-मनमाड रस्त्यावर ओळखीच्या मिस्त्रीकडे न्यायची, नाहीतर सुमारे ८० किलोमीटरवर नाशिकला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. दोन्हीकडे गाडीवाल्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती खर्च येईल?" बोनेट उघडायच्या आतच आकडा हवा असतो, आणि मग आकडा मिळतोही. तो अंदाजाचा असतो.

यात एकट्या मिस्त्रीला दोष देता येत नाही. "नुसतं बघायचे कसले पैसे?" असे आपणच म्हणतो. तासभर डोके घालून दोष शोधल्याचे काहीच मिळणार नसेल, तर गॅरेजवाला पार्ट विकूनच ती भरपाई करणार. म्हणून आधीच सांगावे, "तपासणीचे वेगळे पैसे देतो. काय सापडले ते सांगा, मग पार्टचे बघू." त्या ३०० ते ८०० रुपयांत पुढचे हजारो वाचतात.

खालचे आकडे छोट्या पेट्रोल गाड्या आणि जुन्या १.३ लिटर डिझेल गाड्या समोर ठेवून, बाहेरच्या गॅरेजच्या हिशेबाने दिले आहेत. मॉडेल आणि पार्टची कंपनी बदलली की ते बदलतात. भाव करताना आधाराला घ्यावेत, बिल तपासायला नव्हे.

मिसिंग, म्हणजे सगळ्यात जास्त लुटले जाण्याची जागा

गाडी उभ्या उभ्या थरथरते, पिकअप घेत नाही, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. २०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या चारचाकींत स्टिअरिंगखाली स्कॅनरचा सॉकेट असतो. स्कॅनर लावला की कोड येतो. समजा पी०३०१ आला. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढाच. कॉइल गेली, प्लग गेला की इंजेक्टर चोंदला, हे कोड सांगत नाही. इथेच "कोड आला, कॉइल टाका" म्हणून चारही कॉइल बदलल्या जातात. एकेक कॉइल १,५०० ते ३,५०० रुपयांची, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल बसते, त्यांची खरी चाचणी फुकट आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवून आणायची. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे ती एकच कॉइल खराब. कोड पहिल्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग अदलाबदल करून तीच चाचणी. त्यातही काही निघाले नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळायचे. या कामाला पाना आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. मिस्त्रीला ही अदलाबदल करून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून पार्ट घेऊ नका.

साधे प्लग १०० ते २५० रुपयांना एक, इरिडियमचे ६०० ते १,०००. थ्रॉटल बॉडीची सफाई ५०० ते १,००० रुपयांत होते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या फुफाट्यात एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी चोंदतो. २५० ते ६०० रुपयांचा हा पार्ट आधी काढून झटकून बघावा, मग सेन्सरची भाषा करावी.

गाडी सीएनजीची असेल तर निदान आणखी सोपे. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर प्लग-कॉइलकडे बोट जाते. फक्त गॅसवर असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅसचे इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर. वर्षभर गॅसवर पळवून टाकीत तेच जुने पेट्रोल ठेवणाऱ्यांना हा तिसरा प्रकार हमखास भेटतो. म्हणून अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा.

पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत गॅरेज गाठले तरी चालते. तो लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते आणि त्याची किंमत वीस-पंचवीस हजारांपुढे जाते. आणखी एक गोष्ट: कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, कारण पुसलेल्या कोडसोबत पुरावाही जातो.

गाडी गरम होते

एप्रिल-मेमध्ये काटा वर चढला की पहिला संशय थर्मोस्टॅट व्हॉल्व्हवर घेतला जातो आणि तो काढूनच टाकतात. "आपल्याकडच्या हवेत लागतच नाही." लागतो. तो नसेल तर इंजिन नीट तापत नाही, मायलेज पडते आणि तेलात घाण साठते. नवा व्हॉल्व्ह ६०० ते २,००० रुपयांत मिळतो.

रेडिएटरचे झाकण गाडी पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे, नाहीतर उकळते पाणी तोंडावर येते. आत गंजके, पांढरट थर असलेले पाणी दिसले तर कारण बहुधा घरचेच: कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतलेले. क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा खर्च ६०० ते १,२०० रुपये, रेडिएटर बदलायचा तर ३,५०० ते ८,०००.

मग पंखा बघा. एसी लावल्यावर पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जा. फ्यूज दहा-वीस रुपयांचा, मोटर दोन-तीन हजारांची. वॉटर बॉडीखाली ओल किंवा कूलंटचा वाळलेला रंग दिसला तर तिथे गळती आहे.

हेड गॅस्केट उडाल्याचे निदान मात्र नुसत्या तोंडी ऐकून मान्य करू नये. थंड गाडी चालू करताच मिनिटभरात होजपाइप दगडासारखे कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, कूलंट बाहेर न गळताही कमी होत जाणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, यांतली दोन तरी लक्षणे हवीत. तेलाच्या झाकणाला हिवाळ्यात थोडी साय दिसली तर घाबरू नका. कमी अंतराच्या फेऱ्यांत वाफ साचून तसे होते. डिपस्टिकवरच दुधाळ तेल दिसले तर ते गंभीर. हेडचे काम पेट्रोल गाडीत साधारण ८,००० ते १५,०००, डिझेलमध्ये २५,००० पर्यंत. हेड उतरवल्यावर लेथवर सपाटी तपासून फेसिंग केल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नका. नुसते गॅस्केट बदलले तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा.

धूर आणि तेल

सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. बऱ्याच गाड्यांत हे काम ४,००० ते ८,००० रुपयांत उरकते. रेस दिली की निळा धूर सुटत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पण खात्री कॉम्प्रेशन चाचणीनेच होते, खर्च ५०० ते १,०००. चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात थोडे तेल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. ही चाचणी न करता "हाफ इंजिन करावे लागेल" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

डिझेलमध्ये काळा धूर आणि पिकअप नाही म्हणजे टर्बो गेला, असे ठरवून टाकायची घाई असते. टर्बो २०,००० ते ४०,००० चा. त्याआधी इंटरकूलरचे रबरी होज चाचपून बघा. कांद्याच्या मोसमात ओझे वाहणाऱ्या पिकअप गाड्यांत हे होज सटकतात किंवा चिरतात. नवे ८०० ते २,५०० रुपयांत येते.

तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र गॅरेजपर्यंतही जाऊ नका. तिथेच बंद करा आणि टो बोलवा. नाल्याच्या पुरात गाडी बंद पडली तरी तेच, सेल्फ मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्टचे कव्हर नसेल तर विमा कंपनी असे नुकसान सहसा नाकारते.

बिघाड नसलेला बिघाड

गाडी मायलेज देत नाही म्हणून इंजेक्टर सफाईचे पॅकेज घेणारे पुष्कळ. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते, त्यामुळे थोडे मायलेज घटणारच. सफाईने ते परत येत नाही. सकाळी सेल्फ लागत नसेल तर बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवे, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू असताना १२.५ च्या आतच राहिले तर दोष चार्जिंगचा, आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

बिल

अंदाजपत्रक व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. जुने पार्ट परत मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, मजुरीवर तो १८ होताच. म्हणून जुना २८ टक्क्यांचा हिशेब लावलेला दिसला तर विचारा. जीएसटी नोंदणी नसलेल्या गॅरेजला हा कर घेताच येत नाही. बिल देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, पुढे नाशिकचा जिल्हा आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

जाता जाता: संक्रांतीच्या तीन दिवसांत मोठे काम काढू नका. मिस्त्री गच्चीवर पतंग उडवत असतो आणि तुमचे हेड बाकावर उघडे पडून असते.

पूर्ण इंजिनकामाचा आकडा पेट्रोलला ४०,००० ते ७०,०००, डिझेलला लाखापर्यंत किंवा पुढे जातो. गाडीच दीड लाखाची असेल तर विकायची की करायची, हे आधी ठरवा. भंगार बाजारातले जुने इंजिन स्वस्तात मिळते, पण ते बसवले तर नवा इंजिन नंबर आरटीओकडून आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी विक्रेत्याचे पक्के बिल लागते, म्हणून पैसे देण्याआधी बिल हातात घ्या.