हेराल्डचा पाटा वाढवू देऊ नका

हेराल्डचं मागचं सस्पेन्शन सुधारून देतो म्हणणारा माणूस ‘एक पाटा वाढवू’ म्हणाला, की गाडी त्याच्या दारातून बाहेर काढा. त्याच्याकडे किती जुन्या गाड्या उभ्या आहेत, भिंतीवर रॅलीतले किती फोटो लावलेत, यावर जाऊ नका. माझ्या गाडीचं ज्याने वाटोळं केलं, त्याच्याकडे हे सगळं होतं.

आमची स्टँडर्ड हेराल्ड दोन दारांची, वडिलांच्या हातची. ती मागून बसली होती हे खरं आहे. साठच्या दशकातला पाटा, बसणारच. पण माझी तक्रार गाडी बसल्याची नव्हतीच. वळणावर मागची बाजू हलते, ही तक्रार होती, आणि ती मी कागदावर लिहून दिली होती. पाट्याची बुशं बघा, शॉकअप बघा, पाटा मूळ मापाला आणा. ‘मूळ मापाला’ हे शब्द त्या कागदावर आहेत आणि त्याखाली त्याची सही आहे. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात गेली. मापाशिवाय मी काम सांगत नाही.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा ती मागून चांगली उंच उभी होती. ‘बघा साहेब, कशी ताठ झाली,’ असं तो आमच्या ह्यांना म्हणाला. ह्यांना गाडीतलं काही कळत नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. गाडी माझ्या नावावर, कागद माझ्या हातचा, पैसे मी देत होते, आणि हा माणूस शेवटपर्यंत ह्यांच्याकडे बघून बोलत राहिला. बिलावर एकच ओळ होती, ‘मागचं सस्पेन्शन ओव्हरहॉल’. काय बदललं, किती पाटे घातले, कुठल्या गाडीचे शॉकअप बसवले, काही नाही. विचारलं तर म्हणाला, ‘सगळं नवीन केलंय.’ जुना पाटा मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

फियाट किंवा अँबॅसेडरला त्याने हेच केलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. त्या गाड्यांना मागे अख्खा ॲक्सल असतो. गाडी दोन इंच वर उचला नाहीतर खाली बसवा, दोन्ही चाकं रस्त्यावर सरळच राहतात. हेराल्डचं तसं नाही. तिचं डिफरन्शियल चासीला घट्ट बसवलेलं असतं, त्याच्या डोक्यावर एकच आडवा पाटा असतो आणि दोन्ही बाजूंचे ॲक्सल डिफरन्शियलजवळच्या क्रॉसपाशी वरखाली झुलतात. चाक त्या ॲक्सलशी काटकोनात धरलेलं असतं. छत्री वर धरून मिटायला घेतली की काड्या खाली येतात, तसं गाडीचं अंग वर गेलं की दोन्ही ॲक्सल खाली झुकतात, चाकं खालून आत ओढली जातात आणि वरून बाहेर फाकतात. म्हणजे पाटा वाढवून गाडी उंच केली, की उभ्या गाडीतच चाकं तिरकी होतात. टायरची फक्त बाहेरची कड रस्त्याला टेकते. वळणावर बाहेरच्या चाकावर जोर आला, की तो जोर ॲक्सलमधून गाडीलाच आणखी वर उचलतो, चाक आणखी आत जातं आणि रस्ता सुटतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक मारला, तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होऊन वर येते, आणि सगळं एकदम घडतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी 1965 साली शेव्हरले कॉर्वेअर या गाडीवर जी झोड उठवली, ती अशाच झुलत्या ॲक्सलवरून. ट्रायम्फची इंग्लंडमधली हेराल्ड 1959 साली आली. तिचीच मागची रचना घेऊन 1962 साली स्पिटफायर आली, आणि त्या कंपनीला पुढे स्पिटफायरच्या चौथ्या मॉडेलमध्ये पाटाच बदलावा लागला. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून हेराल्ड बनवली आणि 1972 साली गॅझेल काढली, तेव्हा झुलता ॲक्सल टाकून अख्खा ॲक्सल बसवला. जुन्या गाड्यांचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक असायला हवं की नको?

वरंध घाटात भोरहून महाडकडे उतरताना ते झालं. गाडीत मी एकटीच होते. भुरभुर पाऊस, रस्ता ओला, गाडी तिसऱ्या गियरमध्ये, वेग बेताचा. वळणावर समोरून एसटी आली म्हणून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. कुणीही उचलेल. मागची बाजू खाली बसल्याचं काही जाणवलं नाही, उलट कुणीतरी ती हाताने उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. स्टिअरिंग फिरवलं तोवर गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूच्या चरीत गेली होती. उलट्या बाजूला काय आहे हे वरंध घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. एसटीचे ड्रायव्हर खाली उतरून धावत आले, ‘ताई, लागलं का?’ म्हणाले, आणि प्रवाशांना घेऊन त्यांनी गाडी चरीतून बाहेर काढली. निघताना मागच्या चाकाकडे बघून ते म्हणाले, ‘हे चाक असं का उभंय?’ गॅरेजवाल्याला न दिसलेली गोष्ट त्या माणसाला भर पावसात एका नजरेत दिसली.

तोवर माझ्या मनात एक कोडं होतंच. सासूबाई आणि नणंद मागे बसल्या की गाडी शहाण्यासारखी चालायची आणि एकटी निघाले की बिथरायची. ड्रायव्हरसाहेबांच्या त्या एका वाक्याने कोडं सुटलं. मागे वजन असलं की गाडी खाली बसते आणि चाकं सरळ होतात. एकटी असले की ती वर राहते.

घरी आल्यावर शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. पार्किंगमधली फरशी सपाट आहे. ओळंब्याचा दोरा मागच्या टायरच्या वरच्या कडेला लावून खाली सोडला. वर दोरा टायरला टेकलेला, खाली टायर आणि दोऱ्यामध्ये माझी दोन बोटं आरामात जात होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग भाच्याला आणि वॉचमनना मागच्या सीटवर बसवलं, गाडी थोडी पुढेमागे ढकलली आणि पुन्हा दोरा लावला. एक बोटसुद्धा जाईना. फरशीवर बसून मी तो दोरा धरून होते आणि हातपाय थरथरत होते. रागाने. घाटात जे झालं ते या माणसाने माझ्या गाडीत बसवून दिलं होतं आणि त्याचे पैसे घेतले होते.

गाडी ढकलायची गोष्ट लक्षात ठेवा. हेराल्ड जॅकवर चढवून खाली घेतली की चाकं तशीच आत दुमडलेली राहतात. काही फूट चालवल्याशिवाय ती मूळ जागी येत नाहीत. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या घेतलेलं माप खोटं असतं. एकदा ढकलून मापलेलंच खरं धरा.

फोन केला तर पहिलं उत्तर आलं, ‘ब्रेक मारला असेल.’ मग, ‘ओला रस्ता होता ना?’ मग, ‘जुन्या गाड्या अशाच असतात, मॅडम.’ मी ओळंब्याचं सांगितलं तर म्हणाला, ‘आम्ही इतकी वर्षं पाटे वाढवतोय, कुणाची तक्रार नाही.’ आणि संध्याकाळी ह्यांना फोन करून सांगितलं, ‘मॅडमना म्हणावं, घाटात जरा सावकाश.’ त्यानंतर माझा फोन उचललाच नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींपैकी दोघातिघांना सांगितलं, तर ‘जाऊ द्या, त्याच्याशी वाकडं नको, सुटे भाग त्याच्याकडेच मिळतात’ असा सल्ला मिळाला. त्यातल्या एकाची स्वतःची हेराल्ड तशीच उंच करून उभी आहे. त्यांना हा धोका मी स्पष्ट सांगितलाय, अजूनही सांगते.

गाडी शेवटी ट्रकच्या पाट्यांचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. मागची सीट काढून वरचं झाकण उघडलं तेव्हा ‘सगळं नवीन’ काय ते दिसलं. पाट्याच्या टोकाची बुशं जुनीच. रबराला भेगा पडलेल्या, आणि त्यांच्यावर काळा रंग मारलेला. रंग पुसल्यावर माझ्या नखावर काळा आला. शॉकअप दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, मूळच्यापेक्षा लांब. हेराल्डमध्ये चाक किती खाली जायचं हे शॉकअपच्या लांबीवर थांबतं. लांब शॉकअप घातला की चाक आणखी खाली लोंबतं, आणखी आत दुमडतं, आणि ब्रेकचा रबरी पाइपही ताणला जातो. म्हणजे एक चूक झाकायला दुसरी घातलेली.

कारागिराने वाढवलेला पाटा काढला. बाकीचे पाटे भट्टीत घालायचे नाहीत, हे मी आधीच बजावलं होतं, पण त्यांनाच ते ठाऊक होतं. तापवून कमान दिली की पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा पुन्हा बसतो. त्यांनी थंडच, घणाखाली, थोडं थोडं करून कमान दिली आणि दर वेळी पाटा जमिनीवर ठेवून माप घेतलं. आता गाडीत मी एकटी बसलेली असताना मागची चाकं ओळंब्याला वरून जराशी आत झुकतात. अशीच हवीत. पूर्ण सरळ असली तरी वळणावर ती बाहेर फाकायला वाव राहतो.

ज्यांचा पाटा चांगला आहे आणि गाडी फक्त उंच उभी आहे, त्यांनी पाटा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये ॲल्युमिनिअमचा ठोकळा घालून ती खाली घ्यावी. इंग्लंडमध्ये हेराल्ड आणि स्पिटफायरवाले हे सर्रास करतात. ठोकळा चांगल्या खरादवाल्याकडून करून घ्या. त्याच्याबरोबर लांब स्टड लागतात. ते हौसिंगमध्ये पूर्ण खोल गेले पाहिजेत. चार आटे धरून नट आवळला आणि झालं, असं चालणार नाही. स्पिटफायरच्या चौथ्या मॉडेलचा तो सुधारलेला पाटा बाहेरून मागवायचा विचार कुणी करत असेल तर तोही चांगला उपाय आहे. त्यात फक्त सगळ्यात खालचा पाटा आवळलेला असतो आणि वरचे त्याच्यावर झुलतात, म्हणून गाडी स्वतःला तितकी उचलत नाही. पण त्याबरोबर पुढचा अँटी-रोल बार जाड घालावा लागतो. नुसता मागचा पाटा घातला तर गाडी वळणावर बाजूला फार कलते. हे विकणारा सांगत नाही.

हे काम करताना आणखी एक लक्षात ठेवा. मागच्या चाकाच्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लांब बोल्ट असतो. तो आतल्या नळीत गंजून बसतो. त्यावर घण घालू नका, दांडा तडकतो. हॅकसॉने कापून काढा, नवीन बोल्ट-नळी घाला आणि बसवताना ग्रीस भरपूर लावा. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, आत वजन ठेवून. जॅकवर असताना आवळले तर रबर पीळ धरून बसतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट करताना मागच्या चाकांचंही माप घ्यायला लावा. बहुतेक ठिकाणी ‘मागे काही नसतं’ असं सांगतात. हेराल्डला असतं. पुढून येणाऱ्या दांड्यांखाली पत्र्याच्या पातळ शिम असतात, त्या कमीजास्त करून चाकाची दिशा बसवतात.

हवा मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त ठेवा, गाडीच्या पुस्तकात असेल तशी. चारही टायर एका जातीचे घ्या. रेडियल आणि साधे मिसळू नका. घाटात वेग वळणाच्या आधी कमी करा आणि वळणात पाय स्थिर ठेवा. हेराल्ड चालवणाऱ्याने हे करायलाच हवं, पाटा कितीही चांगला असला तरी.

आणि गाडी कुणाकडेही द्या, काम लेखी सांगा, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत घ्या आणि बिलावर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या. मी जुना पाटा आणि वेगळ्या शॉकअपचे पैसे मागणारं पत्र पोस्टाने पाठवलं आहे. पोच आली आहे, उत्तर नाही. आता ग्राहक आयोगाकडे तक्रार करते आहे. ओळंब्याचे फोटो, ती सही आणि रंग मारलेली बुशं जोडली आहेत.