पडदा एक, कामे दोन

घरात टीव्ही आहे आणि आता अभ्यासासाठी संगणक आणायचा आहे. अशा वेळी एक प्रश्न हमखास निघतो : संगणकासाठी वेगळा मॉनिटर घ्यायलाच हवा का? टीव्हीचाच पडदा वापरला तर पैसे वाचतील आणि जागाही वाचेल. वसतिगृहातला विद्यार्थी नेमके उलटे विचारतो : माझ्याजवळ मॉनिटर आहे, त्यावर क्रिकेटचा सामना दिसणार नाही का? दुकानदार म्हणतो, "चालतं की!" शेजारी म्हणतात, "डोळे बिघडतील." खरे कोणाचे मानायचे? हे मतांवर सोडण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर नववी-दहावीच्या गणिताने काढता येते.

दोघांत फरक कोणता?

टीव्ही संचात पडदा असतो, ध्वनिक्षेपक असतो आणि ट्यूनर असतो. अँटेनाकडून एकाच वेळी अनेक वाहिन्यांचे संकेत येतात. त्यांतून हवी ती वाहिनी निवडणे आणि तिच्यातून चित्र व आवाज वेगळे काढणे हे ट्यूनरचे काम. मॉनिटरला ट्यूनर नसतो. त्याला संगणकाकडून तयार चित्रसंकेत मिळतो आणि तो फक्त दाखवायचा असतो.

पण एवढाच फरक असता तर प्रश्न कधीच सुटला असता. खरा फरक बारकाव्यांचा आहे. टीव्ही दोन-तीन मीटरवरून माणसांचे चेहरे पाहण्यासाठी बनवलेला असतो, तर मॉनिटर हातभर अंतरावरून अक्षरे वाचण्यासाठी. चेहऱ्यावर छटा हळूहळू बदलतात. अक्षराच्या कडेला मात्र पांढऱ्यानंतर एकदम काळे येते. पडद्याची खरी परीक्षा अक्षर घेते.

एका रेषेत किती ठिपके?

आधी जुन्या चित्रनळीच्या टीव्हीचे उदाहरण घेऊ. आपल्याकडील दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे होते आणि सेकंदाला २५ चित्रे येत. म्हणजे सेकंदाला ६२५ × २५ = १५,६२५ रेषा. एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद आले.

या पद्धतीत चित्रसंकेताची वारंवारता जास्तीत जास्त ५ मेगाहर्ट्झ असे. एका कंपनात संकेत एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो. त्यातून एक पांढरा आणि एक काळा असे दोन ठिपके उमटतात. म्हणजे सेकंदाला १ कोटी, किंवा दर मायक्रोसेकंदाला १० ठिपके. त्याहून दाट ठिपके पाठवले तर ते एकमेकांत मिसळून करडे दिसणार.

आता संगणकाकडे वळू. १९८४-८५ मध्ये आपल्या शाळांत 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. त्यात इंग्लंडमध्ये तयार झालेला 'बीबीसी मायक्रो' हा संगणक वापरला गेला. तो साध्या टीव्हीलाही जोडता येई. त्याच्या एका प्रकारच्या मांडणीत ओळीत ८० अक्षरे बसत आणि प्रत्येक अक्षर ८ ठिपके रुंद असे. हे ६४० ठिपके ४० मायक्रोसेकंदांत काढले जात, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला १६. टीव्हीची मर्यादा तर १० ची! साहजिकच अक्षरे फासल्यासारखी दिसत. ओळीत ४० अक्षरांची मांडणी निवडली की हाच आकडा ८ वर येई आणि वाचता येई. 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या १९८२ च्या घरगुती संगणकाच्या ओळीत ३२ अक्षरे होती. त्याचा हिशेब दर मायक्रोसेकंदाला ७ ठिपके असा होता. टीव्हीला काय झेपते ते पाहूनच अशी मांडणी केलेली होती.

वाटा फुटल्या आणि पुन्हा मिळाल्या

१९८७ साली आयबीएम कंपनीने संगणकासाठी 'व्हीजीए' ही चित्रपद्धती आणली. तिच्यात ६४० × ४८० ठिपक्यांचे पूर्ण चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा येई आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा लागत. हा वेग टीव्हीच्या दुप्पट होता. १५,६२५ रेषांसाठी बांधलेल्या साध्या टीव्हीला तो पेलणे शक्य नव्हते. त्यामुळे वेगळा मॉनिटर ही गरज झाली.

पुढे चपटे पडदे आले. त्यांत पडद्यावर रेषा ओढत जाणारी इलेक्ट्रॉनांची शलाका नसते. प्रत्येक ठिपक्याची जागा कायमची ठरलेली असते. २००२ साली ठरलेली 'एचडीएमआय' ही जोडणी टीव्ही आणि संगणक दोघांनीही स्वीकारली. आज १९२० × १०८० ठिपक्यांचा पडदा टीव्हीत मिळतो, तसाच मॉनिटरमध्येही मिळतो. मग फरक कशाचा उरला? अंतराचा!

डोळ्याचे गणित

निकोप डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारण १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन लागतो. हा कोन होण्यासाठी वस्तू ठिपक्यांमधील अंतराच्या सुमारे ३,४४० पट दूर असावी लागते.

३२ इंची टीव्ही घ्या. ३२ इंच हा पडद्याचा कर्ण असतो. बाजू १६ : ९ प्रमाणात असतात. पायथागोरसच्या सिद्धांताने रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर निघते. त्यात १३६६ ठिपके असतील, तर एक ठिपका ०.५२ मिलिमीटरचा. ०.५२ × ३,४४० म्हणजे जवळजवळ १.८ मीटर. याहून दूर बसलात तर ठिपके वेगळे दिसणार नाहीत आणि चित्र सुरेख वाटेल. टेबलावर ६० सेंटिमीटरवरून मात्र प्रत्येक ठिपका सुमारे ३ कलांचा दिसेल आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या भासतील.

२४ इंची, १९२० ठिपक्यांच्या मॉनिटरची रुंदी ५३ सेंटिमीटर असते. त्याचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास निम्मा. त्यामुळे त्यावर वाचणे सुखाचे होते. शेजाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच : अस्पष्ट अक्षरे तासन् तास वाचली तर डोळे थकतात. पण तो दोष 'टीव्ही' या नावाचा नसून ठिपक्यांच्या आकाराचा आणि अंतराचा आहे.

जोडताना काय पाहाल?

टीव्हीला संगणक जोडल्यावर पुष्कळदा चित्राच्या कडा कापल्या जातात. चित्रनळीच्या काळात कडा ओबडधोबड दिसू नयेत म्हणून चित्र पडद्याहून किंचित मोठे करीत. ती सवय अनेक संचांत अजून आहे. तसे केले की संगणकाचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसत नाही आणि अक्षरे धूसर होतात. संचाच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असल्यास तो निवडा.

दुसरी गोष्ट रंगाची. आपल्या डोळ्यांना उजेडातले बारकावे जेवढे कळतात तेवढे रंगातले कळत नाहीत. म्हणून टीव्हीच्या प्रक्षेपणात रंगाची माहिती कमी ठिपक्यांची पाठवतात. काही टीव्ही संगणकाच्या चित्रालाही तोच नियम लावतात. निळ्यावर लाल अक्षरे लिहून पाहा. ती पसरलेली दिसली, तर त्या जोडणीला 'पीसी' हे नाव द्या. बऱ्याच संचांत एवढ्याने सुधारणा होते. माऊसचा बाण हाताच्या मागे रेंगाळत असेल तर 'गेम मोड' लावा.

मॉनिटरवर टीव्ही पाहणे त्या मानाने सोपे आहे. सेट-टॉप बॉक्समध्ये ट्यूनर असतोच. त्याची एचडीएमआय तार मॉनिटरला जोडा. मात्र दोन गोष्टी आधी पाहून घ्या. अनेक मॉनिटरना ध्वनिक्षेपक नसतो, तेव्हा आवाजाची सोय वेगळी करावी लागते. शिवाय आपल्याकडील बॉक्स पुष्कळदा सेकंदाला ५० वेळांचा संकेत देतात आणि काही मॉनिटर फक्त ६० चाच स्वीकारतात. मॉनिटरबरोबरच्या पुस्तिकेत हा आकडा मिळेल.

करून पाहा

१. कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या उभ्या रेषा १ मिलिमीटर अंतर सोडून काढा. कागद भिंतीवर लावून मागे मागे सरका. रेषा मिसळून करड्या दिसू लागतील ते अंतर मोजा. ते ३,४४० मिलिमीटरच्या जवळपास येते का? वर्गातील प्रत्येकाचे अंतर लिहून सरासरी काढा. कोणाचे फारच कमी आले, तर त्याने डोळे तपासून घ्यावेत.

२. घरच्या टीव्हीवर एखादा मराठी उतारा आणा आणि हातभर अंतरावरून वाचा. 'प' आणि 'ष' चटकन ओळखू येतात का? अनुस्वाराचा ठिपका शिरोरेखेपासून सुटा दिसतो का?

३. ४३ इंची टीव्हीत आडवे ३८४० ठिपके आहेत. त्यावर किती अंतरापलीकडून ठिपके वेगळे दिसणार नाहीत? (उत्तर : सुमारे ८५ सेंटिमीटर.) मग असा संच अभ्यासाच्या टेबलावर चालेल का? फूटपट्टी घ्या, टेबल मोजा आणि तुम्हीच ठरवा.