गर्भवतीशी पूरक उपचारांबद्दल बोलताना

गरोदरपणात दवाखान्यातल्या गोळ्यांच्या जोडीला घरात आणखी बरंच काही चालू असतं. सासूबाईंनी आणलेला शतावरी कल्प, शेजारणीने सुचवलेला काढा, मोबाइलवर बघून केलेली आसनं. त्यातलं काही उपयोगी, काही निरुपद्रवी, तर काही घातक असतं. ओरडा बसेल या धास्तीने अनेकजणी हे डॉक्टरांना सांगतच नाहीत. म्हणून आशाताई, परिचारिका आणि अंगणवाडीताई यांनी हा विषय स्वतःहून काढायला हवा.

१. आधी विचारा, मग सांगा
‘दुसरं काही औषध घेतेस का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण काढा किंवा चूर्ण तिच्या लेखी औषध नसतंच. त्यापेक्षा विचारा, ‘गोळ्यांशिवाय घरी काय काय घेतेस गं? अंगाला काय लावतेस? कुणी काही दिलंय का?’ घरभेटीत डबे-बाटल्या समोर मांडायला सांगा आणि जे सापडेल ते डॉक्टरांच्या कानावर घाला. तिथेच रागावलात, तर पुढच्या खेपेला डबा लपवला जाईल.

२. जे चालतं ते मोकळेपणाने सांगा
मळमळ होत असेल तर आल्याचा छोटा तुकडा चघळायला हरकत नाही. मळमळीसाठीच दाबायचा मनगटावरचा बिंदू तिच्या हातावरच दाखवा: तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तिचीच तीन बोटं मोजायची आणि दोन स्नायूबंधांच्या मधोमध अंगठ्याने हळूहळू दाबायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण अपायही नाही. रोजचं चालणं आणि संथ श्वसन बहुतेकींना मानवतं. मात्र बीट-गूळ सुरू केलं म्हणून लोहाची गोळी सोडायची नाही. ती १८० दिवस घ्यायचीच.

३. काय विचारून घ्यायचं ते पटवून द्या
शतावरी कल्पात साखर भरपूर असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली असेल, तर कल्पाचा डबा बंद करायला सांगा. ज्येष्ठमध जास्त झालं तर रक्तदाब वाढू शकतो. योगवर्गात कितवा महिना आहे ते शिक्षकांना आधीच सांगायचं. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणं आणि पोटावर ताण येणारी आसनं टाळायची.

४. ठाम ‘नाही’ कुठे म्हणायचं
कळा याव्यात म्हणून एरंडेल घ्यायचं नाही. जुलाब होऊन बाई गळून जाते. कोरफडीचा रस पोटात नको. ‘मुलगा होण्याचं औषध’ तर मुळीच नको. लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, ते कुठल्याही पुडीने बदलत नाही. उलट हरियाणातल्या अभ्यासांत अशा औषधांचा संबंध बाळातल्या जन्मजात दोषांशी आढळला आहे.

५. लेबल वाचायला शिकवा
२०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचं घातक प्रमाण सापडलं. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. शिसं वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचतं. म्हणून डबा हातात घेऊन तिला दाखवा: परवाना क्रमांक कुठे आहे, घटक कोणते, मुदत कधी संपते. नाग म्हणजे शिसं, पारद म्हणजे पारा आणि हरताळात आर्सेनिक असतं. यातलं एकही नाव दिसलं, किंवा पुडीवर काहीच छापलेलं नसलं, तर ते तोंडात घालायचं नाही. शंका आली तर नोंदणीकृत वैद्य आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनाही दाखवायचं.

६. घरच्यांना सोबत घ्या
घरात काय शिजतं, काय आणलं जातं हे बहुतेकदा सासूबाई किंवा आई ठरवतात. त्यांच्यासमोरच बोला. ‘तुम्ही हिची काळजी घेता, म्हणूनच हे तुम्हाला सांगतेय’ अशी सुरुवात केली की त्या ऐकतात. केशरदुधाने बाळ गोरं होत नाही, पण चिमूटभर केशर दुधात घातलं म्हणून भांडायचीही गरज नाही. जोर जिथे धोका आहे तिथे लावा.

७. उठण्यापूर्वी तिच्या तोंडून ऐका
‘आता मला सांग, काय चालेल आणि काय नाही?’ असं विचारा. चुकलं तर पुन्हा समजवा. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही झालं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ किंवा १०२ ला फोन करून दवाखाना गाठायचा, हे तिच्याकडून म्हणवून घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी असते. त्या दिवशी प्रत्येक गर्भवतीला घरातले डबे आणि पुड्या पिशवीत घालून आणायला सांगा, आणि त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवेपर्यंत तिच्या सोबत राहा.