तराजूत काय पडतं?

आपण बाजाराला निघालेलो असतो. वाटेत कोणी म्हणतं, "दादा, एवढी पिशवी फाट्यावर देता का?" ओळखीचा माणूस. नाही कसं म्हणायचं? आपण पिशवी घेतो. पुढं पिशवीत गांजा निघाला, तर पोलीस तराजू मागवतात. कारण शिक्षा वजनावर ठरते.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ साली झाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वजनाचे तीन टप्पे पडले. गांजा १ किलोहून कमी असेल, तर ते अल्प प्रमाण. त्याला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण. त्याला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं; शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. जामीनही फार अवघड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

पण प्रत्येक मालाचं माप निराळं. चरस त्याच झाडाच्या चिकापासून होतो, तरी तो १ किलोवर गेला की व्यापारी. हेरॉइन तर २५० ग्रॅमवर गेलं की व्यापारी! पावशेर साखरेएवढं वजन, आणि दहा वर्षं तुरुंग.

मालात भेसळ असली तर? दुधात पाणी असलं, तर आपण पाण्याचे पैसे देत नाही. इथं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली ठरवलं, की पुडीतलं सगळं मिश्रण वजनात धरायचं.

गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. नुसता पाला किंवा नुसतं बी या कायद्यात गांजा नव्हे. शेंड्यांसोबत असलं तर मात्र तेही गांजातच मोजतात. आणि शेतात, तुरीच्या ओळींत, कोणी झाडं लावली तर? तिथं वजनाचे टप्पेच नाहीत. लागवडीला १० वर्षांपर्यंत कैद आहे.

"पिशवीत काय होतं, मला ठाऊक नव्हतं," असं पुष्कळ जण म्हणतात. खरंही असेल. पण माल आपल्या ताब्यात होता हे एकदा शाबीत झालं, की ठाऊक नव्हतं हे आपल्यालाच शाबीत करावं लागतं. पिशवी देणारा तोवर कुठल्या कुठं गेलेला असतो.

कधी आपल्याला पंच म्हणूनही बोलावतात. पूर्वी अंगठा उठवून मोकळं होत होतो. आता वाचता येतं. पंचनाम्यात वजन किती लिहिलं? ते पोत्यासकट की पोत्याविना? शेंडे होते की नुसता पाला? हे वाचून मग सही करावी. पोतंच किलोभर भरलं, तर २० चे २१ होतात. २० किलोला १० वर्षांच्या आतली शिक्षा होऊ शकते. २१ किलोला १० च्या खाली न्यायाधीशालाही येता येत नाही.