दमानं चढा, पोरांनो

तुमचा तरुण संघ कळसूबाईला निघालाय, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. १६४६ मीटरचं ते शिखर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पण हे कानमंत्र बारी गावच्या पायवाटेला जितके लागू, तितकेच बाप्तिस्म्यानंतरच्या सगळ्या आयुष्याला. विश्वासात शेवटपर्यंत टिकायचं तर जोरापेक्षा दम लागतो.

पिशवी आदल्या रात्रीच हलकी करा. प्यायला दोन-तीन लिटर पाणी, खाणं, विजेरी, एक जादा कपडा. बाकीचं घरी राहू द्या. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय पापाच्या आधी भार टाकायला सांगतो. लोक काय म्हणतील ही धास्ती, शेजाऱ्याशी बरोबरी, ही पापं वाटत नाहीत. पण चढावर खांदे तीच दुखवतात.

बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. बोलणं तुटू लागलं की पाय आवरा. प्रार्थनेचंही तेच. उज्जीवन सभेहून येऊन आठवडाभर तासन् तास गुडघे टेकायचे आणि मग सोडून द्यायचं, त्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं दूरवर नेतात. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, तेही केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळून. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, तोवर वर्षानुवर्षं हे काम चालू होतं.

लोखंडी शिडीवर घाई नको. दोन हात, दोन पाय. यांतले तीन पक्के असले तरच चौथा हलवा. संकटातही वचन, प्रार्थना आणि मंडळी या तिन्हींवरची पकड एकदम सोडू नका.

थकलात तर बसा, खा, मग उठा. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला बोल लावला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. त्या बळावर तो चाळीस दिवस होरेबापर्यंत चालला. थकवा म्हणजे अविश्वास नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

धुकं उतरलं आणि वाट दिसेना, तर अंदाजानं पुढे जाऊ नका. आहात तिथेच एकत्र थांबा. सीनाय पर्वतावर सहा दिवस ढग होता. मोशेला हाक आली ती सातव्या दिवशी. देव गप्प वाटतो त्या काळात नवी वाट धरू नये.

सगळ्यांत मागच्याला एकटं टाकू नका. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि सूर्य मावळेपर्यंत दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. मोशेलाही आधार लागला, मग आपल्याला मागायला लाज कसली?

आणि उतरताना जास्त जपा. पाय तिथेच घसरतात, कारण मन घरी पोचलेलं असतं. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप उभारून तिथेच राहावंसं वाटलं. पण प्रभू दुसऱ्या दिवशी शिष्यांना खाली घेऊन आला, आणि खाली एक बाप आजारी मुलासाठी विनवत होता. वर मिळालेलं बळ खालच्या माणसांसाठी असतं. म्हणून घरी पोचलात की आधी मंडळीतल्या आजाऱ्याच्या दारात जा. फोटो नंतर दाखवा.